जाहीरनामा धर्माचा, तहनामा महसुलाचा

(अमरावती व अकोला येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दोन शेजारी देशांत युद्ध पेटले की त्याची दोन कारणे तत्काळ पुढे केली जातात. 'त्यांचा धर्मच तसा आहे' हे पहिले. दुसरे कारण पुरोगामी म्हणवणाऱ्या मंडळींना विशेष प्रिय आहे. धर्म हे निव्वळ सोंग असून खरे भांडण पैशाचे असते, असे ते सांगतात. पहिले उत्तर बाजारात खपते आणि दुसरे अभ्यासवर्गात. विचार करण्याचे श्रम मात्र दोन्ही उत्तरे सारखेच वाचवतात. शेजाऱ्यांच्या युद्धात भूगोलाचा वाटा कोणता आणि धर्माचा कोणता, याचा निवाडा करावयाचा तर प्रथम वऱ्हाडच्याच भूमीकडे पाहणे इष्ट ठरेल. कारण १४९० पासून १८०३ पर्यंत, म्हणजे तीनशे वर्षांहून अधिक काळ, ही भूमी शेजारी सत्तांच्या झगड्याचे मैदान होती.

उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस अजिंठ्याचे डोंगर आणि मध्ये पूर्णेच्या खोऱ्याची काळी कसदार जमीन, म्हणजे जुन्या कागदपत्रांतील 'पयानघाट', अशी वऱ्हाडची रचना आहे. उत्तर हिंदुस्थानातून दक्षिणेत उतरणाऱ्या वाटांवर पहारा देण्यासाठी गाविलगड आणि नरनाळा हे दोन किल्ले उभे राहिले. जमीन महसूल देणारी आणि वाटा फौजा नेणाऱ्या! एवढ्या दोन गोष्टी एकत्र आल्या की शेजाऱ्यांची नजर तेथे वळल्यावाचून राहत नाही. त्या शेजाऱ्यांचा धर्म कोणता, हा प्रश्न नंतर येतो.

पाथरीचे भांडण

बहमनी राज्य मोडकळीस आले तेव्हा १४९० च्या सुमारास वऱ्हाडात इमादशाही आणि अहमदनगरास निजामशाही स्थापन झाली. दोन्ही राज्ये मुसलमान सुलतानांची होती. पण त्यांच्या संस्थापकांची कुळे पाहिली तर आजच्या धर्माभिमान्यांची पंचाईत होईल. इमादशाहीचा संस्थापक फतहुल्ला इमादउल्मुल्क हा जन्माने विजयनगरच्या मुलखातील कानडी हिंदू. लहानपणी तो युद्धात पकडला गेला आणि वऱ्हाडच्या सुभेदाराच्या पदरी वाढला. गाविलगडाच्या दिल्ली दरवाजावर कोरलेले गंडभेरुंड आजही पाहावयास मिळते. निजामशाहीच्या संस्थापकाचा बाप मलिक हसन हाही मूळचा ब्राह्मणाचा मुलगा, आणि त्याच्या घराण्याचे मूळ गाव पाथरी असल्याचे इतिहासकार सांगतात.

ही पाथरी इमादशाहीच्या हद्दीत होती. बुरहान निजामशहाला ती हवी होती. तिच्या मोबदल्यात दुसरा मुलूख देण्याची त्याची तयारी होती. वऱ्हाडच्या अलाउद्दीन इमादशहाने ही मागणी नाकारली आणि १५१८ मध्ये निजामशहाने पाथरी जिंकून घेतली. पुढे ती इमादशहाने परत मिळवली आणि पुन्हा गमावली. अखेर एकट्याने निभाव लागेना म्हणून त्याने गुजरातच्या बहादूरशहाला मदतीस बोलावले. साहजिकच मदतीस आलेल्या त्या बलिष्ठ सुलतानाचा दाब लवकरच दोन्ही भांडखोरांवर बसला. घरच्या भांडणात बाहेरचा पंच बोलावला की तो रिकाम्या हाताने परतत नाही, हा धडा वऱ्हाडने पाचशे वर्षांपूर्वीच घेतला आहे.

या कथेतील एक तारीख विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. बुरहान निजामशहाने शिया पंथ स्वीकारला तो १५३७ मध्ये. इमादशाही सुन्नीच राहिली. म्हणजे पंथभेद निर्माण होण्यापूर्वी जवळजवळ वीस वर्षे पाथरीसाठी रक्त सांडत होते. भांडण आधीचे आणि पंथ नंतरचा. पुढे १५७४ मध्ये मुर्तजा निजामशहाने गाविलगड व नरनाळा घेऊन इमादशाही कायमची बुडवली. पण गिळलेला घास त्यालाही पचला नाही. अवघ्या बावीस वर्षांनी, १५९६ मध्ये, चांदबिबीला अहमदनगर वाचवण्यासाठी हाच वऱ्हाड मोगलांच्या हवाली करावा लागला.

अठराव्या शतकातील चित्र याहून बोलके आहे. १७२० मध्ये अकोला जिल्ह्यातील बाळापूरजवळ निजामउल्मुल्क आणि आलमअलीखान यांची लढाई झाली तेव्हा मराठे आलमअलीच्या बाजूस होते. १७२४ मध्ये साखरखेर्ड्याला निजामाने मुबारिजखानाचा पराभव केला तेव्हा बाजीराव पेशव्यांची फौज निजामाच्या बाजूस होती. हिंदू विरुद्ध मुसलमान या सूत्रात यांपैकी एकही लढाई बसत नाही. इतकेच नव्हे, तर पुढे अनेक दशके निजाम आणि नागपूरकर भोसले यांनी वऱ्हाडच्या गावागावांचा महसूल आपसांत वाटून खाल्ला. याच व्यवस्थेला 'दुअंमल' म्हणत. मालक दोन आणि त्यांचे धर्म दोन. कुणबी मात्र एकच, आणि दोघांचेही देणे त्याच्याच खळ्यावरून उचलले जाई.

अडगावचे रणांगण

२९ नोव्हेंबर १८०३ रोजी आजच्या तेल्हारा तालुक्यातील अडगावच्या मैदानावर इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली याने भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. त्या दिवशी कोण कोणाच्या बाजूने लढले? कंपनीच्या पलटणींसोबत निजामाचे आणि म्हैसूरचे स्वार होते. भोसल्यांच्या फौजेत अरब आणि इराणी पायदळ होते आणि इंग्रजांच्या स्कॉटिश पलटणींवर चाल करून ते अक्षरशः कापले गेले. हिंदू राजासाठी मुसलमान मेले आणि ख्रिस्ती कंपनीसाठी हिंदू-मुसलमान दोघेही मेले. पंधरवड्याने, १५ डिसेंबरला, गाविलगड पडला. किल्लेदार बेनीसिंग आपल्या रजपूत शिपायांसह लढता लढता ठार झाला.

आणि दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला.

हा तह प्रत्येक कार्यकर्त्याने अभ्यासावा असा आहे. त्यात देवाधर्माविषयी काही नाही. कटक आणि बालासोर कंपनीला मिळाले, कारण बंगाल आणि मद्रास या कंपनीच्या दोन मुलखांना जोडणारा किनारा तिला हवा होता. वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांनी सोडला आणि तो निजामाच्या पदरात पडला. नरनाळा व गाविलगड हे दोन किल्ले मात्र भोवतालच्या चार लाखांच्या मुलखासह भोसल्यांकडेच राहिले! ज्या गडाच्या तटावर दोन दिवसांपूर्वी माणसे मेली, तो गड विजेत्याने परत देऊन टाकला. त्याला गड नको होता. पयानघाटची कापसाची जमीन भोसल्यांच्या हातून काढावयाची होती.

त्यानंतरचा इतिहास सर्वश्रुत आहे. हैदराबाद कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी निजाम कर्जात बुडाला आणि १८५३ मध्ये एकही गोळी न झाडता वऱ्हाड इंग्रजांकडे गेला. १९०२ मध्ये वर्षाला २५ लाख रुपये देऊन तो कायमच्या पट्ट्याने घेण्यात आला. दरम्यान १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले. तिकडचा कापूस लँकेशायरला जाईना म्हणून वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपताच तो भाव कोसळला. ज्या युद्धाचे नावही वऱ्हाडच्या शेतकऱ्याने ऐकले नव्हते, त्याने त्याचे भाग्य घडवले आणि मोडलेही.

यावरून एक साधा नियम हाती लागतो. युद्धाचे कारण शोधावयाचे असेल तर युद्धाच्या आरंभीचा जाहीरनामा न वाचता युद्धाच्या अखेरीचा तहनामा वाचावा. जाहीरनाम्यात धर्म, अब्रू आणि पूर्वज असतात; तहनाम्यात नद्या, घाट, बंदरे आणि महसूल.

फाळणीचा हिशेब

हाच नियम भारत आणि पाकिस्तान यांना लावून पाहावा. १९४७ ची फाळणी धर्माच्या नावाने झाली, हे कोणीच नाकारणार नाही. पण रेषा ओढली गेली ती जमिनीवर, आणि जमिनीवर केवळ धर्म नसतो. बंगालचा बहुतेक ताग पूर्वेकडे पाकिस्तानात गेला आणि तागाच्या गिरण्या हुगळीकाठी भारतात राहिल्या. लांब धाग्याचा कापूस पिकवणारे सिंध आणि पश्चिम पंजाब तिकडे गेले. त्या कापसावर चालणाऱ्या मुंबई-अहमदाबादच्या गिरण्या इकडे राहिल्या. पंजाबच्या कालव्यांची मुखे भारतात आली आणि त्यांवर भिजणारी शेते पाकिस्तानात गेली. १ एप्रिल १९४८ रोजी पूर्व पंजाबने त्या कालव्यांचे पाणी अडवले, तेव्हा राज्ये जन्मून वर्षही झाले नव्हते. काश्मीरचा प्रश्न धर्माचा, राष्ट्रीयत्वाचा आणि तेथील जनतेच्या इच्छेचा आहेच. पण झेलम व चिनाब त्याच डोंगरांतून वाहत जातात, ही गोष्ट दोन्हीकडच्या राज्यकर्त्यांना कधीही विसरता आलेली नाही.

याच्या उलट बाजूही ध्यानात घ्यावयास हवी. पाण्याचा प्रश्न पाणी म्हणूनच हाताळला गेला तेव्हा तो सुटला. १९६० मध्ये सिंधू जलकरार झाला आणि १९६५, १९७१ व १९९९ या तिन्ही युद्धांत तो टिकला. तोफा धडधडत असतानाही नद्यांची वाटणी मोडली नाही. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे दहशतवाद्यांनी २६ निरपराध माणसांची हत्या केली. धर्म विचारून गोळ्या घातल्याचे वाचलेल्यांनी सांगितले. दुसऱ्याच दिवशी भारताने तो करार स्थगित केला आणि ७ ते १० मे या चार दिवसांत दोन अण्वस्त्रधारी शेजाऱ्यांनी एकमेकांवर क्षेपणास्त्रे व ड्रोन सोडले. मारेकऱ्यांचा अपराध अक्षम्य आहे, त्यांना शासन झालेच पाहिजे. पण तीन युद्धांत न तुटलेला धागा त्या एका घटनेच्या दुसऱ्या दिवशी तुटला, एवढे बळ धर्माच्या नावाने केलेल्या हत्येत असते, हेही त्यावरून उमगावे.

एका धर्माचे आणि एका निशाणाचे शेजारी

धर्म एक असला की युद्ध टळते, हा भ्रम १९७१ ने कायमचा पुसून टाकावयास हवा होता. पाकिस्तानच्या दोन्ही भागांचा धर्म एकच होता. पण पूर्वेची भाषा बंगाली होती आणि तिच्यासाठी २१ फेब्रुवारी १९५२ रोजी ढाक्यात तरुणांनी प्राण दिले होते. तागाचे परकीय चलन पूर्व बंगाल मिळवी आणि त्याचा विनियोग पश्चिमेत ठरे. १९७० च्या निवडणुकीत अवामी लीगला बहुमत मिळाले. सत्ता मात्र मिळाली नाही. २५ मार्च १९७१ पासून एका मुसलमान लष्कराने मुसलमानबहुल जनतेची कत्तल मांडली आणि त्यातही हिंदूंना वेचून काढले. सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. त्यांच्या साहाय्यासाठी नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर पाच पैशांचे जादा तिकीट लावावे लागे, हे त्या पिढीच्या लोकांना आठवत असेल.

इराण आणि इराक यांचे उदाहरणही असेच आहे. शत्-अल्-अरब या जलमार्गाची हद्द १९७५ च्या अल्जिअर्स करारात ठरली होती. १९८० च्या सप्टेंबरमध्ये सद्दाम हुसेनने तो करार फेटाळला आणि इराणवर आक्रमण केले. एकाने अरबांच्या प्राचीन विजयाची आठवण काढली, दुसऱ्याने करबलाची हाक दिली. पण इराकच्या सैन्यातील शिया शिपाई शिया इराणविरुद्ध लढत राहिले आणि इराणच्या खुजिस्तानातील अरब सद्दामसाठी उठले नाहीत. आठ वर्षांत लक्षावधी माणसे मेली. १९८८ मध्ये युद्ध थांबले तेव्हा सीमा होती तेथेच होती. १९९० मध्ये कुवेत गिळण्याच्या घाईत सद्दामने पुन्हा १९७५ ची हद्द मान्य केली!

येथे समाजवाद्यांना स्वतःकडेही पाहावे लागेल. डिसेंबर १९७८ मध्ये व्हिएतनामने कंबोडियात फौजा घातल्या आणि फेब्रुवारी १९७९ मध्ये चीनने व्हिएतनामवर आक्रमण केले. तिन्ही देशांत देवाचे नाव घेणारा सत्तेवर नव्हता आणि तिन्ही निशाणे लाल होती. म्हणजे देव्हारा रिकामा केला की युद्ध थांबते, असेही नाही. राज्यकर्त्या वर्गाला भूमी हवी असली की जे निशाण हाताशी असेल ते तो उचलतो, मग ते हिरवे असो, भगवे असो वा तांबडे.

मग धर्माचे काम काय?

एवढ्यावर थांबले तर अभ्यासवर्गातील ते सोपे उत्तरच खरे ठरल्यासारखे होईल. ते खरे नाही. धर्म बहुधा भांडण निर्माण करीत नाही. तो भांडणाची तडजोड अशक्य करून सोडतो. पाथरीच्या बदल्यात दुसरा मुलूख देऊ केला जाऊ शकत होता. वऱ्हाडच्या महसुलाची वाटणी दुअंमलात होऊ शकली. सिंधूच्या नद्या तीन-तीन अशा वाटता आल्या. महसुलाची वाटणी होते, पावित्र्याची होत नाही. जमिनीचा तुकडा एकदा पवित्र ठरला की त्यावर बोलणी करणारा मुत्सद्दी उरत नाही, धर्मद्रोही ठरतो. म्हणूनच ज्याला तडजोड नको आहे तो प्रथम भांडणाला देवाचे नाव देतो.

धर्माच्या नावाचा दुसरा परिणाम अधिक घातक आहे. ते युद्धाला सीमेवरून उचलून मोहल्ल्यात आणते. भूमीच्या भांडणात शत्रू सीमेपलीकडे असतो. धर्माच्या भांडणात तो शेजारच्या आळीत सापडतो. १९४७ मध्ये सिंधमधील ज्या हिंदू कुटुंबांनी कोणाशीही युद्ध पुकारले नव्हते, त्यांना घरदार आणि सिंधू नदी सोडून यावे लागले. अकोल्याचा सिंधी कॅम्प याच वाटेने वसला. अचलपूरच्या वा बाळापूरच्या मुसलमान मजुराला प्रत्येक युद्धाच्या वेळी निष्ठेची परीक्षा द्यावी लागते. सीमेपलीकडे सिंधमधील हिंदू हारीलाही तीच परीक्षा द्यावी लागते. दोघेही तह करणाऱ्यांच्या बैठकीत कधी नसतात.

ही गोष्ट वऱ्हाडला परकी नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये बांगलादेशातील कुमिल्ला येथे दुर्गापूजेच्या मंडपावरून दंगल पेटली. तिची झळ त्रिपुरात मशिदींना लागली. त्रिपुराच्या निषेधार्थ नोव्हेंबरमध्ये अमरावतीत मोर्चा निघाला, दगडफेक झाली, दुसऱ्या दिवशी त्याला उत्तर म्हणून बंद झाला, दुकाने जळली आणि शहर संचारबंदीत कोंडले गेले. कुमिल्ला कोठे आणि अमरावती कोठे! ज्यांची दुकाने जळली त्यांपैकी किती जणांनी कुमिल्लाचे नाव तरी पूर्वी ऐकले असेल? पुढे मे २०२३ मध्ये अकोल्यातही दंगल झाली आणि तेथेही एक जीव गेला.

कार्यकर्त्यांपुढील काम

धर्म म्हणजे सोंग, असे सांगत फिरणाऱ्या कार्यकर्त्याला वारीला जाणारा शेतकरी आणि जुम्म्याच्या नमाजाला जाणारा मजूर दोघेही दारात उभे करीत नाहीत, आणि ते योग्यच आहे. याच जिल्ह्याच्या मातीने गाडगेबाबा आणि तुकडोजी महाराज दिले. त्यांनी कीर्तन आणि खंजिरीभजन सोडले नाही. त्यातूनच माणसे जोडण्याचे काम केले. तुकडोजी महाराज १९५५ मध्ये जपानला विश्वधर्म व विश्वशांती परिषदेला गेले आणि १९६२ व १९६५ च्या युद्धांत सैनिकांना धीर देण्यासाठी सीमेवरही गेले. ज्यांना या दोन गोष्टींत विसंगती दिसते त्यांनी वऱ्हाडच्या खेड्यातील मनुष्य ओळखलेला नाही. ज्याचा मुलगा सैन्यात आहे, त्याच्याइतकी शांततेची गरज दुसऱ्या कोणाला असणार? शांततेची भाषा बोलताना त्या मुलाचा अवमान होता कामा नये, आणि त्या मुलाच्या नावावर युद्धाचा व्यापारही होता कामा नये.

म्हणून कार्यकर्त्याला दोन आघाड्यांवर उभे राहावे लागेल. पहिली आघाडी हिशेबाची. युद्धाची भाषा सुरू होताच त्याने चौकात आणि बाजार समितीत विचारावे, की यात नदी कोणती आहे, घाट कोणता आहे, बंदर कोणते आहे, शस्त्रे कोण विकतो आहे, आणि मदतीला धावून येणारा तिसरा पुढे काय मागणार आहे? दुसरी आघाडी शेजाराची. सीमेवर काहीही घडो, त्याचा जाब आपल्या आळीतील माणसाला विचारला जाणार नाही, याची हमी दंगल पेटल्यावर देता येत नाही. ती आधीची असावी लागते. सणावाराला, मयतीला, कापसाच्या भावासाठी निघणाऱ्या मोर्चात एकत्र चालून ती कमवावी लागते. पहिली आघाडी केवळ बुद्धी मागते. दुसरी धैर्य मागते, आणि तेथेच चळवळ वारंवार कमी पडली आहे, हे कबूल केलेले बरे.

देवगावचा तह झाला त्या दिवशी अडगावच्या शिवारातील प्रेते नुकतीच मातीआड झाली होती. तहनाम्यात त्या मृतांचा उल्लेख नाही. त्यांत किती हिंदू होते आणि किती मुसलमान, हे तह करणाऱ्यांपैकी कोणीही विचारले नाही. कारण त्यांना तो प्रश्न फक्त युद्धापूर्वी महत्त्वाचा वाटत होता. जनतेने मात्र तहनामा वाचण्यासाठी युद्ध संपण्याची वाट पाहू नये. जाहीरनामा वाजू लागताच त्याच्या पाठीमागे लिहिला जात असलेला तहनामा मागून घ्यावा. तो मागणारे लोक चौकाचौकांत जितके वाढतील तितके तोफांचे काम कमी होईल.